‘लाइन’ म्हणजे नेमकी कोणती लाइन?

मधली आळी

नमस्कार. मी इंग्रजी कागदपत्रांचे मराठी भाषांतर करण्याचे काम करते आणि ठाण्यात नौपाड्यात राहते. आमच्या इमारतीच्या पुनर्विकासाचा अहवाल वास्तुविशारदांनी इंग्रजीत दिला होता आणि ज्येष्ठ सभासदांना तो वाचता यावा म्हणून सोसायटीने त्याचे मराठी भाषांतर बाहेरून करून घेतले होते. ते वाटल्यानंतर दुसऱ्याच दिवशी सकाळी तळमजल्यावरचे आजोबा कागद हातात घेऊन माझ्याकडे आले. एका वाक्याखाली त्यांनी पेन्सिलीने रेघ ओढली होती. वाक्य असे होते : ‘सध्याची पाण्याची रेषा इमारतीच्या मागील बाजूने जाते व ती हलवावी लागेल.’ २६ जुलै २००५ च्या पावसात त्यांच्या घरात पलंगाच्या पाट्यांपर्यंत पाणी चढले होते आणि भिंतीवर राहिलेला त्या पाण्याचा डाग पुढे कितीतरी महिने तसाच होता. त्यांनी मला विचारले, “ताई, आपली इमारत पूररेषेत आली आहे का? आणि पूररेषा हलवायची म्हणजे काय करायचे?”

मूळ अहवाल काढून पाहिला, तर तेथे ‘वॉटर लाइन’ असा शब्द होता. म्हणजे नळाला पाणी आणणारा पाइप. भाषांतर करणाऱ्याने शब्दकोशात ‘लाइन’पुढे जो पहिला अर्थ सापडला तो उचलला आणि ‘रेषा’ हा एकच शब्द सगळीकडे बसवला. त्यामुळे एका पानात ‘सांडपाण्याची रेषा’, ‘इमारतीची रेषा’, ‘रस्त्याची रेषा’ आणि ‘कर्जाची रेषा’ अशा चार रेषा झाल्या होत्या आणि ‘नियमांच्या रेषेत’ हा शब्दप्रयोग दोन ठिकाणी आला होता. यांपैकी इमारतीची आणि रस्त्याची या दोनच रेषा खरोखर रेषा आहेत. बाकीच्या ठिकाणी मराठी माणूस रेषा म्हणत नाही.

मला त्या भाषांतरकाराला दोष द्यायचा नाही. इंग्रजीतले ‘सेट’, ‘रन’, ‘लाइन’ यांसारखे लहान आणि रोजचे शब्दच भाषांतर करणाऱ्याला सर्वांत जास्त अडवतात. मोठा पारिभाषिक शब्द आला, तर आपण सावध होतो आणि कोश उघडतो. ‘लाइन’ आला की आपल्याला तो येतोच असे वाटते आणि लेखणी पुढे जाते. ऑक्सफर्डच्या १९८९ च्या वीस खंडी कोशात सर्वांत लांब नोंद कोणत्याही शास्त्रीय संज्ञेची नव्हती, ती ‘सेट’ या तीन अक्षरी शब्दाची होती.

त्या रात्री मी ‘लाइन’चे मूळ पुन्हा एकदा पाहिले आणि मला फार आनंद झाला, म्हणून चर्चेचा हा धागा येथे काढते आहे. लॅटिनमध्ये ‘लिनुम’ म्हणजे जवस. आपण ज्याची चटणी करतो तेच जवस. त्या झाडाच्या खोडातून जो धागा निघतो त्यापासून दोरी करत आणि त्या दोरीला ‘लिनेआ’ म्हणत. ती ताणून धरली की सरळ रेघ मिळते, म्हणून पुढे त्या रेघेलाच ते नाव पडले. लिनन हे कापड, कोटाच्या आतले लायनिंग आणि जवसाचे ‘लिनसीड’ हे इंग्रजी नाव, हे सगळे एकाच झाडाचे वंशज आहेत. म्हणजे ‘लाइन’चा पहिला अर्थ रेषा नव्हे. पहिला अर्थ सूत.

आणि हे लक्षात आले की मराठीतले किती काही एकदम जवळ येते! आपल्याकडे सूत ताणून जी सरळता मिळाली तिच्यावरून ‘सुतासारखा सरळ’ हा वाक्प्रचार आला. ज्याच्या हातात मोजणीचे सूत तो सूत्रधार, आणि ‘सुतार’ या शब्दाची व्युत्पत्तीही तेथेच नेतात. नियम थोडक्यात बांधला की तेही सूत्रच. इंग्रजीने जवसाचा धागा ताणून जे केले तेच आपण कापसाचा धागा ताणून केले, फक्त पुढे आपण वेगवेगळ्या अर्थांना वेगवेगळी नावे दिली. हाताने ओढली ती रेघ, भूमितीतली ती रेषा, अक्षरांची किंवा झाडांची ती ओळ, माणसांची ती रांग. इंग्रजी एका शब्दावर भागवते तेथे मराठीला आधी विचारावे लागते की, या लाइनीत आहे तरी काय : अक्षरे आहेत, माणसे आहेत, पाणी आहे, वीज आहे की काहीच नाही?

माझी विनंती अशी आहे की, आपापल्या कामात ‘लाइन’ हा शब्द ज्या ज्या अर्थाने येतो आणि त्याला आपण जे म्हणता ते येथे लिहावे. कोशात जे आहे ते माझ्याकडे आहे. मला कामाच्या जागी बोलला जाणारा शब्द हवा आहे.

फलाट क्रमांक दहा

ताई, विषय अगदी माझा आहे. मी रेल्वेत परिचालन विभागात नोकरी करून निवृत्त झालो आणि दिवा येथे राहतो.

आमच्याकडे ‘लाइन’ला एकाच वेळी तीन अर्थ असतात आणि तिन्ही एका वाक्यात येऊ शकतात. पहिला अर्थ रूळ. ठाणे ते दिवा यांमध्ये पाचवी आणि सहावी लाइन २०२२ मध्ये सुरू झाली, तेव्हा वर्तमानपत्रांनी ‘मार्गिका’ असा शब्द वापरला आणि तो मला योग्य वाटतो, कारण मार्ग एक असून त्यावर रुळांच्या जोड्या अनेक असतात. दुसरा अर्थ तो संपूर्ण मार्ग : मध्य, हार्बर, ट्रान्स-हार्बर. “मी ट्रान्स-हार्बरला असतो” असे ऐरोलीचा माणूस म्हणतो तेव्हा तो रुळावर उभा नसतो, तो त्या मार्गावरच्या गावाला राहतो. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी आली त्या चौतीस किलोमीटरला लाइन म्हटले, तेव्हा रूळ आणि मार्ग यांत फरक करण्याची गरजच नव्हती. आज ठाण्याच्या एकाच स्थानकात धीमी, जलद आणि नऊ-दहा क्रमांकांच्या फलाटांवरची वाशी-पनवेलची अशा सगळ्या लाइनी एकत्र आहेत, म्हणून फरक करावा लागतो.

तिसरा अर्थ बाहेरच्यांना ठाऊक नसतो. तो म्हणजे ‘लाइन क्लिअर’. पुढच्या स्थानकापर्यंतचा टप्पा रिकामा आहे, गाडी सोडावी, अशी जी परवानगी पुढचा स्टेशन मास्तर देतो ती लाइन क्लिअर. एकेरी मार्गावर या परवानगीची खूण म्हणून स्थानकातल्या यंत्रातून धातूचा गोळा बाहेर पडत असे. तो गोळा चामड्याच्या पिशवीत घालून वेताच्या मोठ्या कड्यासह ड्रायव्हरच्या हाती द्यायचा. जोपर्यंत तो गोळा पुढच्या स्थानकाच्या यंत्रात पडत नाही, तोपर्यंत दुसरा गोळा कोणत्याच टोकाला निघत नसे. त्यामुळे दोन गाड्या समोरासमोर येणे शक्य नव्हते. गोळा हातात आला की “लाइन मिळाली” असे म्हणायचे. येथे लाइन म्हणजे रूळही नाही आणि मार्गही नाही. येथे लाइन म्हणजे हक्क. याला मराठी शब्द आम्ही कधी वापरला नाही आणि मला वाटते वापरूही नये, कारण सुरक्षिततेच्या बोलीत एका गोष्टीला दोन नावे असू नयेत.

ओळंबा

मी बांधकामावर देखरेख करतो, सध्या घोडबंदर रस्त्याच्या बाजूला काम चालू आहे. आपण लॅटिन सांगितलेत, मला ते ठाऊक नव्हते, परंतु आमच्या जागेवर तो पहिला अर्थ आजही जिवंत आहे.

पाया खणण्याआधी जमिनीवर जी आखणी होते तिला लाइनआउट म्हणतात. कोपऱ्यांवर खुंट्या ठोकतात, त्यांवर खिळे मारतात आणि खिळ्याला दोरी बांधून ताणतात. त्या दोरीचे नाव ‘लाइनदोरी’. गवंडी म्हणतो, “लाइन धर”, तेव्हा तो रेषा धरायला सांगत नाही, दोरीचे टोक धरायला सांगतो. विटांचा थर लावताना प्रत्येक थराला दोरी वर सरकते आणि विटेची कड दोरीला न चिकटता दोऱ्याएवढी आत ठेवावी लागते. वीट दोरीला टेकली, तर दोरी बाहेर ढकलली जाते आणि त्यापुढचा सगळा थर बाहेर फुगतो. नवीन पोरांना हे शिकवायला सर्वांत जास्त वेळ लागतो. सरळपणा आडवा पाहायचा तर लाइनदोरी, उभा पाहायचा तर ओळंबा. ओळंबा म्हणजे तरी काय, टोकाला वजन बांधलेले सूतच.

सुतारकामात ‘सूत’ हे मापही आहे. एका इंचाची आठ सुते. “दोन सूत घास” म्हणजे पाव इंच काढ. आणि फळीवर रेघ हवी असेल, तर सूत गेरूच्या पाण्यात भिजवून दोन टोकांना दाबून धरतात, मध्ये चिमटीत उचलतात आणि सोडतात. फळीवर तांबडी सरळ रेघ उमटते. सूत आणि रेघ यांच्यामध्ये केवळ त्या एका फटक्याचे अंतर आहे. आपण सांगितलेली व्युत्पत्ती मला त्या फटक्यात दिसली.

आपल्या अहवालातल्या ‘लाइन’साठी सांगायचे, तर जागेवर आम्ही ‘पाण्याची लाइन’ आणि ‘ड्रेनेज लाइन’ असेच म्हणतो. महानगरपालिकेच्या पत्रात ‘जलवाहिनी’ आणि ‘मलनिःसारण वाहिनी’ असते. आजोबांना दोन्ही कळेल.

खाडीकिनारी

रेषा हा शब्द सगळीकडून हाकलला जाऊ नये, म्हणून लिहिते. मी नवी मुंबईत वकिली करते आणि माझ्या कामातली प्रत्येक लाइन ही रेषाच आहे. त्या रेषा जमिनीवर कोठेही दिसत नाहीत, तरीही त्यांच्यावर लोकांची घरे ठरतात.

आजोबांना ज्या पूररेषेची भीती वाटली तीच पाहा. महाराष्ट्रात नदीकाठी दोन पूररेषा आखतात. सरासरी पंचवीस वर्षांतून एकदा येणारा पूर जेथवर पोहोचेल ती निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर जेथवर पोहोचेल ती लाल रेषा. नदी आणि निळी रेषा यांच्यामधला भाग मोकळा सोडावा, निळ्या आणि लाल रेषांमध्ये अटींवर परवानगी मिळावी, असा त्यामागचा विचार. उल्हास नदीच्या काठच्या लोकांना हे दोन रंग पाठ झालेले आहेत. खाडीकाठी आमच्याकडे भरतीरेषा असते, म्हणजे भरतीचे पाणी जेथवर चढते ती. १९९१ च्या किनारा नियमन अधिसूचनेपासून समुद्रकिनाऱ्याचे अंतर मोजायचे ते या रेषेपासून. ठाणे खाडीच्या काठाला उभे राहून पाहिले, तर तेथे चिखल, तिवरे आणि पाणी दिसते, रेषा दिसत नाही. परंतु नकाशावर ती आहे आणि ती तुमच्या भूखंडातून जाते की बाहेरून, यावर सर्व काही अवलंबून असते.

म्हणून मी असे सुचवते की, जी लाइन केवळ नियमाने अस्तित्वात आली आहे आणि जिच्या अलीकडे एक कायदा व पलीकडे दुसरा कायदा लागू होतो, तिला निःशंकपणे रेषा म्हणावे : दारिद्र्यरेषा, नियंत्रणरेषा, रस्त्याची नियमित रेषा, इमारतरेषा. जिच्यातून काही वाहते तिला वाहिनी म्हणावे.

याच जातीतला एक शब्द आपण रोज वापरतो आणि त्याचा मूळ अर्थ विसरलो आहोत. ‘डेडलाइन’. अमेरिकेच्या यादवी युद्धात, १८६४ मध्ये, अँडरसनव्हिल येथील युद्धकैद्यांच्या तळावर कुंपणाच्या आत एक आखलेली सीमा होती. ती ओलांडणाऱ्या कैद्याला पहारेकऱ्याने गोळी घालायची. तिला डेडलाइन म्हणत. वर्तमानपत्राच्या कचेरीत हा शब्द बातमी देण्याच्या वेळेसाठी आला तो नंतर. आपला ‘मुदत’ हा शब्द किती सौम्य आणि माणसासारखा आहे! मुदत वाढवून मागता येते. मी मराठी नोटिशीत कधीही डेडलाइन लिहीत नाही.

विंगेतून

थोडक्यात लिहितो. नाटकात नटाच्या ‘लाइन्स’ असतात, परंतु मराठी रंगभूमीवर जुन्या मंडळींच्या तोंडी तो शब्द नाही. आम्ही ‘वाक्य’ म्हणतो. “तुझे वाक्य गेले”, “वाक्य उचल”, “वाक्यावर टाळी आली.” ते वाक्य व्याकरणाच्या दृष्टीने चार वाक्यांचे असले तरी वाक्यच. गडकरी रंगायतनच्या विंगेत उभे राहून मी हे शिकलो. अलीकडे मालिकांच्या चित्रीकरणावर “लाइन्स पाठ आहेत का?” असे विचारतात आणि मुलांना ‘वाक्य’ म्हटलेले कळत नाही, याचे मला मनापासून दुःख होते. कवितेची मात्र ओळच. आणि ओवीला विचाराल, तर तेथे चरण मोजतात.

घणसोलीचा मुकुंद

सगळ्यांचे प्रतिसाद आवडले, तरी एक हरकत नोंदवतो. वाहिनी, मार्गिका, भरतीरेषा हे सगळे कागदावरचे शब्द आहेत. घणसोलीत आमच्या आळीत कोणी “जलवाहिनी फुटली” असे ओरडत नाही. “लाइन फुटली” म्हणतात. वीज गेली तर “लाइन गेली” म्हणतात आणि खांबावर चढतो तो लाइनमन. मुलगा कोणत्या लाइनला आहे, असे पाहुणे विचारतात, तेव्हा ते त्याच्या व्यवसायाविषयी विचारत असतात. नोकरी लागली की “पोरगा लाइनीला लागला” म्हणून आई देवापुढे साखर ठेवते.

आता ‘लाइनीला’ हे रूप पाहा. शब्द परका असता, तर त्याने विभक्तीचा प्रत्यय घेताना आपले अंग बदलले नसते. ‘लाइनीत’, ‘लाइनीवर’, ‘लाइनी’ ही रूपे आपल्या आजीने केली आहेत, कोणत्याही परिभाषा मंडळाने नव्हेत. ‘भिंत’ जशी ‘भिंतीत’ होते तशी ‘लाइन’ ‘लाइनीत’ झाली. ज्या शब्दाला मराठी स्त्रीलिंग मिळाले, अनेकवचन मिळाले आणि सामान्यरूप मिळाले, तो मराठी झाला. त्याला घराबाहेर उभे का करायचे?

आणखी एक. ‘लाइन मारणे’ हा प्रयोग येथे कोणी लिहिला नाही, बहुधा संकोचाने. परंतु ताईंनी सूत सांगितले म्हणून मला जाणवले की, मराठीत दोघांचे ‘सूत जुळते’. तेथेही धागाच.

मधली आळी

आपण सर्वांनी जे दिले ते मला कोणत्याही कोशात मिळाले नसते. मुकुंददादा, आपली हरकत मला मान्य आहे आणि ‘लाइनीला’ या रूपावरचे आपले म्हणणे तर पूर्णपणे मान्य आहे. माझा आग्रह ‘लाइन’ काढून टाकण्याचा नाही. ‘पाण्याची लाइन’ असे त्या भाषांतरात असते, तर आजोबा माझ्याकडे आलेच नसते. चूक इंग्रजी शब्द ठेवल्याने झाली नाही. एका अर्थाचा मराठी शब्द दुसऱ्या अर्थाच्या जागी बसवल्याने झाली.

सूत जुळण्याचे मला सुचलेच नव्हते. आता त्यात आणखी एक भर घालते. माझे टोपणनाव ‘मधली आळी’ आहे, कारण माझे माहेर तशाच एका आळीतले. ‘आळी’ हा शब्द संस्कृतातल्या ‘आलि’ म्हणजे ओळ या शब्दाकडे जातो. घरांची ओळ ती आळी. ठाण्यातली खारकर आळी ही त्या अर्थाने खारकरांची लाइन. आणि इंग्रजांनी शिपायांची घरे एका ओळीत बांधली त्यांना ‘लाइन्स’ म्हटले, म्हणून आपण आजही ‘पोलीस लाइन’ म्हणतो. पोलीस लाइन म्हणजे पोलीस आळी! दोन भाषांनी एकमेकींना न विचारता घरांच्या ओळीला ओळ असेच नाव दिले. दिवाळी म्हणजे ‘दीपावली’, तिच्यातली ‘आवली’ही ओळच, ती दिव्यांची.

आता त्या अहवालाच्या भाषांतराचा जो नवा मसुदा मी केला त्याविषयी. खाडीकिनारी ताईंची कसोटी मी तशीच घेतली आहे आणि त्यापुढे मुकुंददादांची कसोटी लावली आहे, म्हणजे वाचणारा घरात जे बोलतो ते आधी आणि कार्यालयीन शब्द त्याला जोडून. ‘वॉटर लाइन’ झाली ‘नळाच्या पाण्याची लाइन, म्हणजेच जलवाहिनी’. ‘बिल्डिंग लाइन’ला ‘इमारतरेषा’ म्हटले आणि तिच्या पुढे एक वाक्य वाढवले की, या रेषेच्या रस्त्याकडील बाजूस बांधकाम करता येत नाही. ‘लाइन ऑफ क्रेडिट’ येथे मात्र थांबले होते. बँकेने एका ठरावीक रकमेपर्यंत लागेल तसे पैसे उचलण्याची दिलेली मुभा, असा तिचा अर्थ. शेवटी ‘विकासकास बँकेने मंजूर केलेली कर्जमर्यादा’ असे लिहिले, कारण सभासदांना जे समजायला हवे ते मर्यादेविषयीच आहे.

‘इन लाइन विथ’ला सर्वांत जास्त वेळ लागला. ‘अनुसार’ आणि ‘अनुरूप’ दोन्ही लिहून पाहिले. ‘नियमांनुसार’ म्हटले की नियमाने तसे सांगितले आहे असा अर्थ होतो आणि मूळ वाक्यात तेवढे नाही. तेथे इतकेच म्हणायचे आहे की, आराखडा नियमाच्या कडेने गेला आहे, त्याच्या बाहेर गेलेला नाही. ओळंबा दादांनी दोरी आणि विटेतल्या दोऱ्याएवढ्या अंतराचे लिहिले, ते वाचताना शब्द सापडला : ‘नियमांना धरून’. मराठीत आपण दोरी धरतो, वाट धरतो, तसाच नियमही धरतो.

काल संध्याकाळी आजोबांना नवा मसुदा नेऊन दिला. त्यांनी चष्मा लावून दोन पाने सावकाश वाचली, ‘जलवाहिनी’पाशी थांबले आणि म्हणाले, “म्हणजे मोरीच्या मागून जाते ती आपली लाइन ना? ती तर १९८२ साली माझ्यासमोर टाकली.” मग त्यांनी उठून मला मागच्या बाजूला नेले आणि जमिनीखाली ती कोठून वळते ते काठीने दाखवले. वास्तुविशारदांच्या नकाशात ते वळण नाही. आज सकाळी मी समितीला तसे कळवले आहे.